एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीनंतर: सरकारी प्रयोगशाळा, कॉलेज आणि स्वतःची पाणी तपासणी लॅब

मायक्रोबायोलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालं की घरून एकच प्रश्न येतो: आता लॅब टाकणार का? तो प्रश्न चुकीचा नाही, घाईचा आहे. सार्वजनिक आरोग्याचं काम, शिकवणं आणि व्यवसाय या तिन्ही गोष्टी एका कारकिर्दीत बसतात. महाराष्ट्रात अशी वाट चोखाळलेली माणसं भरपूर आहेत. पण या तिन्ही गोष्टींचा क्रम चुकला तर वर्षं वाया जातात. आणि तुमच्या सहीला कुठल्या कागदावर किंमत आहे, हे आधी कळलं नाही तर पैसेही जातात.

हा लेख बी.एस्सी./एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेल्यांसाठी आहे. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. मायक्रोबायोलॉजी केलेल्यांचे नियम वेगळे, त्यांनी पहिला मुद्दा सोडून पुढे वाचावं.

१. सही कुठे चालते ते आधी बघा

रक्त, लघवी, थुंकी यांचे रिपोर्ट देणारी पॅथॉलॉजी लॅब एम.एस्सी.च्या जोरावर काढायची, हा सर्वांत महागडा गैरसमज. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं की रुग्णांच्या तपासणीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच सही लागते. 'डॉक्टरांची सही भाड्याने घेऊ' हा गल्लोगल्ली ऐकू येणारा उपाय म्हणजे गुन्ह्याची तयारी. अशा भागीदारीत नाव तुमचं, जागा तुमची आणि तक्रार आली की पोलीस ठाण्यात हजेरीही तुमची.

एम.एस्सी.ची सही कुठे चालते? पाणी, अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधनं, हवा आणि पृष्ठभागाची सूक्ष्मजैविक तपासणी. यात प्रत्येक ठिकाणी वेगळी अट आहे:

- पाणी: आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता घेतलेल्या लॅबमध्ये 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' म्हणून. पदवीसोबत प्रत्यक्ष तपासणीचा अनुभव बघतात.
- अन्न: अन्न सुरक्षा कायदा २००६ खाली 'फूड अ‍ॅनालिस्ट' व्हायचं तर पदव्युत्तर पदवी, अन्न तपासणीचा अनुभव आणि एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परीक्षा. ही परीक्षा पास झालेल्याला लॅबवाले शोधत येतात.
- औषध: कंपनीच्या क्यूसी मायक्रो (गुणवत्ता नियंत्रणाच्या सूक्ष्मजैविक) विभागात काम करून एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) 'टेक्निकल पर्सन' म्हणून मान्यता मिळवणं. परवानाधारक कंपन्यांसाठी औषध तपासणारी स्वतंत्र लॅब काढायची तर फॉर्म ३६ वर अर्ज, फॉर्म ३७ मध्ये मंजुरी.

नव्या माणसाला परवडणारा आणि लवकर पायावर उभा राहणारा मार्ग पाण्याचा. म्हणून पुढचं उदाहरण पाण्याचं.

२. कागदांची एकच फाइल

जाहिरात आली की सात दिवसांत अर्ज, त्यात तीन दिवस तलाठी-तहसीलमध्ये जातात. त्यामुळे फाइल आधीच तयार ठेवा:

- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र. 'पासिंग सर्टिफिकेट' आणि 'पदवी प्रमाणपत्र' एक नव्हे.
- सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र.
- अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, चालू आर्थिक वर्षाचं नॉन-क्रिमीलेयर, जे लागू असेल ते.
- एमएस-सीआयटी किंवा समतुल्य संगणक प्रमाणपत्र.
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र.
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं, यावरून छाननीत अर्ज बाद होतात.
- अनुभव प्रमाणपत्रं, आणि त्यांना आधार म्हणून नेमणूक पत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६.

पदवीच्या नावाकडे लक्ष द्या. जाहिरातीत 'एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी' असेल आणि तुमच्या पदवीवर 'अप्लाइड मायक्रोबायोलॉजी' किंवा 'बायोटेक्नॉलॉजी' असेल तर समकक्षतेचं पत्र विद्यापीठाकडून आधीच मागून ठेवा. मुलाखतीच्या टेबलावर ते मिळत नाही.

३. पहिली काही वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या बेंचवर

जागा कुठे असतात: जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळा, महापालिकांच्या लॅब, साथरोग सर्वेक्षणाच्या (आयडीएसपी) पदांवर. परळची हाफकिन संस्था (१८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली) आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था इथे प्रकल्पाच्या जागा निघतात. बहुतेक पदं ११ महिन्यांच्या करारावर. पगार बघून नाक मुरडू नका. रोज येणारे नमुने हीच इथली कमाई. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला नमुना 'पॉझिटिव्ह येणार' हे ठरलेलं असतं, इथे गावाचं पाणी असतं आणि चूक झाली तर अख्ख्या गावाला भोगावी लागते.

नमुना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणतो. त्याची बाटली, वेळ आणि ओटी टेस्टची (पाण्यातला उरीव क्लोरीन बघणाऱ्या चाचणीची) नोंद बघायला शिका. बिघाड इथेच सुरू होतो:

बाटली निर्जंतुक करण्यापूर्वी तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं: पिण्याच्या पाण्यासाठी १२० मिलीच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिली. ते नसेल तर टीसीएलमधला (ब्लीचिंग पावडरमधला) क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि खराब पाणी 'योग्य' ठरतं. बाटली पाण्याने विसळून भरली तर थायोसल्फेट वाहून जातं, निकाल तोच. गळ्यापर्यंत भरली तर हलवायला जागा राहत नाही; वर दोन बोटं रिकामं ठेवा. नमुना १० अंशांखाली, शक्यतो ६ तासांत बेंचवर, २४ तासांच्या पुढे नाही. उशिरा आलेला नमुना नाकारायचं धैर्य पहिल्या महिन्यात येत नाही, पण तेच शिकायचं असतं.

आता एमपीएन पद्धत, म्हणजे किती नळ्या पॉझिटिव्ह आल्या यावरून जंतूंच्या संख्येचा अंदाज. दुप्पट तीव्रतेचा मॅकॉन्की ब्रॉथ १० मिली, त्यात १० मिली पाणी, अशा ५ नळ्या. मग एकपट ब्रॉथमध्ये १ मिलीच्या ५ आणि ०.१ मिलीच्या ५. ३७ अंशांवर २४ आणि ४८ तासांनी आम्ल व वायू बघायचा, मग ४४ अंशांवर ई. कोलायची खात्री. नवखे कुठे घसरतात?

- १० मिलीच्या नळ्यांत चुकून एकपट ब्रॉथ. पाण्याने माध्यम निम्मं पातळ होतं, जंतू दबतात, नळी निगेटिव्ह.
- ऑटोक्लेव्हचा दाब शून्यावर यायच्या आत झाकण उघडणं. डरहॅम नळ्यांत (वायू पकडणाऱ्या आतल्या उलट्या नळ्यांत) हवा शिरते आणि नमुना टाकण्यापूर्वीच 'वायू' दिसतो. नमुना टाकण्याआधी प्रत्येक नळी प्रकाशात धरून बघा.
- साखरेचं माध्यम १२१ अंशांवर १५ मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवणं. साखर तुटते, पीएच उतरतो, रंग आधीच बदललेला.
- १० मिलीच्या ५ नळ्या घेतल्या, एकही पॉझिटिव्ह नाही, म्हणून रिपोर्टवर 'शून्य' लिहिणं. उत्तर '१०० मिलीमागे २.२ पेक्षा कमी' असं आहे.

शेवटच्या मुद्द्यात आणखी एक खोच आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) म्हणतं, पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिली नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. वरच्या १५ नळ्यांत तुम्ही एकूण ५५.५ मिली पाणी तपासलं. मग १०० मिलीबद्दल 'नाही' कसं म्हणणार? म्हणून १०० मिलीची प्रेझेन्स-अ‍ॅबसेन्स (आहे की नाही एवढंच सांगणारी) चाचणी किंवा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीवर १०० मिली गाळून मेम्ब्रेन पद्धत (आयएस १५१८५) हाताखाली घ्या. मुलाखतीत हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला तर समजा, जागा चांगली आहे.

याशिवाय टीसीएल पावडरमधला क्लोरीन काढणं, नळाच्या टोकाला ०.२ मिलिग्रॅम/लिटर उरीव क्लोरीन आहे का बघणं, पावसाळ्याआधी आणि नंतरच्या स्वच्छता सर्वेक्षणातलं लाल-पिवळं-हिरवं कार्ड (गावाच्या पाण्याची जोखीम दाखवणारं) समजून घेणं. हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत असतं, जिल्ह्यात वर्षभर पुरतं. कावीळ, गॅस्ट्रोची साथ आली की पथकासोबत जायची संधी सोडू नका. गळकी जलवाहिनी आणि तिच्या शेजारचं गटार एकदा डोळ्यांनी पाहिलं की नमुना कुठून घ्यावा हे कोणी शिकवावं लागत नाही.

करार संपताना अनुभव प्रमाणपत्रात 'काम समाधानकारक' एवढंच घेऊ नका. कोणत्या चाचण्या, कोणत्या पद्धतीने, कोणत्या कालावधीत, हे लिहून घ्या. एनएबीएलचा मूल्यांकनकर्ता हेच वाचतो.

४. शिकवण्याची पात्रता

एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट. मायक्रोबायोलॉजी असा वेगळा विषय नाही. सीएसआयआर-नेट आणि एमएच-सेट दोन्हीकडे 'लाइफ सायन्सेस'मध्ये बसावं लागतं. म्हणजे वनस्पती आणि प्राणी शरीरक्रिया, परिसंस्था, उत्क्रांतीही वाचायची. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोवा दोन्हींसाठी चालते. पेपर १ मध्ये ५० प्रश्न, पेपर २ मध्ये १००, प्रत्येकी २ गुण. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट/सेट किमान अट आहे.

प्रत्यक्षात सुरुवात सीएचबीवर होते, म्हणजे तासिका तत्त्वावर. इथला सापळा: ज्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता नाही ती पुढे अनुभवात धरली जात नाही. रुजू होताना प्राचार्यांना एवढंच विचारा, 'अ‍ॅप्रूव्हल जाणार आहे का?' गेलं तर त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. पाच वर्षांनी कॉलेजची फाइल सापडेलच असं नाही.

५. नोकरीत राहून धंदा

सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू. खासगी व्यापार-व्यवसाय पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. अनुदानित कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षकाला विद्यापीठाचे आणि संस्थेचे नियम असेच बांधतात. 'लॅब बायकोच्या नावावर आहे' हे उत्तर सर्वांना माहीत असतं, चौकशी अधिकाऱ्यालाही.

सरळ मार्ग तीन. कॉलेजमार्फत लेखी परवानगीने सल्ला देणं (शुल्काचा वाटा संस्थेला). सीएचबीवर असताना, करारात मनाई नाही हे तपासून, स्वतःची लॅब उभी करणं. किंवा राजीनामा. मधला मार्ग बहुतेकांना जमतो: आठवड्याला ठरावीक तास आणि उरलेला दिवस लॅबला.

६. लॅबची जागा आणि यंत्रं

आधी जागेचा नकाशा, मग यंत्रं. नमुना स्वीकारणं, माध्यम बनवणं, इनॉक्युलेशन, इन्क्युबेशन आणि वापरलेलं कल्चर मारणं, या कामांचा रस्ता एका दिशेने जावा; घाण स्वच्छ जागेतून फिरू नये. इनॉक्युलेशनच्या टेबलावर एसीचा झोत किंवा छताचा पंखा नको. स्वच्छतागृहाचा दरवाजा त्या खोलीत उघडत असेल तर ती जागा घेऊच नका.

किमान यादी:

- ऑटोक्लेव्ह २: एक माध्यमासाठी, एक टाकाऊ कल्चरसाठी. एकाच भांड्यात दोन्ही करणाऱ्या लॅबमध्ये मूल्यांकनाच्या पहिल्याच तासाला हा मुद्दा निघतो.
- इन्क्युबेटर ३७ अंशांचा; ४४ अंशांसाठी वॉटर बाथ, कारण इथे तापमानाची मुभा फार थोडी असते आणि हवेच्या इन्क्युबेटरला ते जमत नाही.
- लॅमिनार फ्लो, हॉट एअर ओव्हन, फ्रिज (२ ते ८ अंश), तराजू, पीएच मीटर, कॉलनी काउंटर, सूक्ष्मदर्शक.
- मेम्ब्रेन गाळणीचा संच आणि व्हॅक्यूम पंप.
- निर्जंतुक नमुना बाटल्या, स्वतःच्या. ग्राहकाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेलं पाणी घेऊ नका.
- इन्क्युबेटर आणि फ्रिजसाठी इन्व्हर्टर. भारनियमनात ३७ चे २९ झाले तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

संदर्भ जंतू पुण्यातच मिळतात, एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम संग्रहात; नाहीतर चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येतात. ई. कोलाय पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी, आणि ४४ अंशांवर वायू न देणारा एक जंतू निगेटिव्हसाठी. मूळ जंतूपासून ५ पेक्षा जास्त वेळा पुढे लावू नका. गुणधर्म बदलतात आणि कंट्रोलवरचा भरवसा संपतो.

टाकाऊ कल्चरला माध्यमासारखी १५ मिनिटं पुरत नाहीत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ च्या अनुसूचीत साध्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान ६० मिनिटं आहेत. पिशवी गच्च भरली तर मधपर्यंत वाफ पोचत नाही. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी मधोमध ठेवून ती खात्री वेळोवेळी करा आणि नोंद ठेवा.

७. एनएबीएल

मान्यतेशिवाय लॅब चालवता येते, पण मोठी कंपनी, सरकारी निविदा, एफएसएसएआयची अधिसूचना यांपैकी काहीच मिळत नाही. मानक आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७. अर्जाआधी निदान एक अंतर्गत लेखापरीक्षण (कलम ८.८) आणि एक व्यवस्थापन आढावा (८.९) झालेला हवा, आणि प्रवीणता चाचणीत (बाहेरून आलेला अनोळखी नमुना तपासून आपला निकाल पडताळून घेण्यात) भाग घेतलेला हवा. प्रवीणता चाचणीचा नमुना वर्षातून ठरावीक वेळीच मिळतो. ती नोंदणी सर्वांत आधी करा, नाहीतर बाकी सगळं तयार असून अर्ज अडतो.

गुणवत्ता पुस्तिका सल्लागाराकडून विकत घेण्याचा मोह होतो. दुसऱ्या लॅबची पुस्तिका नाव बदलून आलेली असते, आणि त्यात तुमच्याकडे नसलेल्या यंत्राचा उल्लेख राहून जातो. मूल्यांकनकर्ता ते यंत्र दाखवा म्हणतो! कार्यपद्धती स्वतः लिहा, चार ओळींची चालेल, पण रोज जे करता तेच लिहिलेलं असू दे. वारंवार निघणाऱ्या त्रुटी ठरलेल्या आहेत: थर्मामीटरचं कॅलिब्रेशन संपलेलं, रविवारच्या तापमानाची नोंद शनिवारच्याच शाईत आणि हस्ताक्षरात, माध्यमाच्या प्रत्येक बॅचची कंट्रोल चाचणी नाही, मोजमापाची अनिश्चितता (७.६) रसायनशास्त्राच्या लॅबमधून उतरवलेली.

पहिल्या अर्जात व्याप्ती लहान ठेवा. एकूण कोलिफॉर्म, ई. कोलाय, एकूण जिवाणू संख्या, एवढं नीट करा. साल्मोनेला, व्हिब्रिओ नंतर वाढवता येतात.

८. गिऱ्हाईक आणि बिल

सोसायट्या, हॉटेलं, जलतरण तलाव, शाळा, बाटलीबंद पाण्याचे प्लांट हे पहिले ग्राहक. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. शॉप अ‍ॅक्टची नोंद करा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी. उद्यम नोंदणीचा एक खरा उपयोग: एमएसएमई कायद्यानुसार ग्राहकाने लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. कॉर्पोरेट अकाउंट्सवाले तो बघतात.

'रिपोर्ट पास पाहिजे' म्हणणारा ग्राहक पहिल्याच महिन्यात येतो. त्याला नमुना परत घ्यायला सांगा, टाकी धुऊन दुसरा द्यायला सांगा, पण आलेला आकडा बदलू नका. रिपोर्टवर दोन वाक्यं कायम असावीत: नमुना कोणी घेतला, आणि निकाल फक्त तपासलेल्या नमुन्याला लागू आहे. नमुना तुम्ही घेतला नसेल तर 'इमारतीचं पाणी पिण्यायोग्य' असं कधीही लिहू नका.

९. संशोधनातून उत्पादन निघत असेल तर

एखादा उपयोगी जंतू सापडला की शिक्षकाचा पहिला विचार परिषदेत पोस्टर लावण्याचा. थांबा. पोस्टर, प्रबंध, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेलं सादरीकरण, यांतलं काहीही आधी बाहेर पडलं तर पेटंटच्या अर्जातलं नावीन्य जातं. अपवाद आहेत, पण फार अरुंद.

क्रम असा ठेवा. जंतू बुडापेस्ट करारानुसार (पेटंटसाठी जंतू जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य संग्रहात जमा करा. भारतात असे संग्रह म्हणजे, उदाहरणार्थ, पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र (एनसीसीएस संस्थेतलं) आणि चंदीगडचं एमटीसीसी. ही जमा अर्जाच्या तारखेच्या पुढे जाऊ देऊ नका. मग तात्पुरता अर्ज, त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज. भारतातल्या मातीतून, पाण्यातून घेतलेला जंतू असेल तर फॉर्म १ मध्येच त्याचा उल्लेख करावा लागतो, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रिया पूर्ण असावी लागते. निसर्गात सापडलेला जंतू जसाच्या तसा पेटंटयोग्य नाही (पेटंट कायद्याचं कलम ३(सी)). त्याच्यापासून बनवलेली प्रक्रिया किंवा मिश्रण असू शकतं.

जंतू कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कॉलेजच्या पगारावर असताना काढलेला असेल तर हक्क संस्थेचाही असतो. संस्थेचं लेखी पत्र घेतल्याशिवाय कंपनी काढू नका. बायरॅकच्या (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) 'बिग' अनुदानासाठी (१८ महिन्यांपर्यंत, कमाल ५० लाख रुपये) अर्ज करताना हाच प्रश्न विचारतात. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार आहे; अर्ज लिहिण्याआधी तिथे जाऊन बोला, आणि जाताना जंतू जमा केल्याची पावती व संस्थेचं पत्र सोबत ठेवा.